शेवटच्या कडव्यातलं नाव

"आडनाव तेवढं काढून टाका, मग बघा गाणं कसं चालते ते." नागपुरातल्या एका गल्लीत कॅसेटी काढायचा धंदा करणाऱ्या माणसानं मला हे तोंडावर सांगितलं. वर चहा पाजला. मी चहा प्यायलो अन् नाही म्हणालो. माझी गाण्यातली जी काही कारकीर्द झाली, ती त्या एका नाहीतून झाली. लोक म्हणतात वाया गेली. लोकांना काय, बाप्पा, लोक तर पाऊस पडला तरी बोलतात.

आता गंमत ऐका. ते गाणं इंग्रजीत होतं. लिहिणारा मी, चाल लावणारा मी, गिटार वाजवून म्हणणारा मी. अन् मी कोण, तर पांढुर्ण्याच्या तहसीलीतला बाबू. दिवसभर लोकांचे जातीचे दाखले लिहायचे, शिक्का मारायचा, पुढचा बोलवायचा. इंग्रजीत गाणी लिहितो म्हटलं की कचेरीतले आधी हसायचे, मग विचारायचे, काऊन? एक जण रोज विचारायचा, "काय मग साहेब, लंडनले कधी जाऊन राहिले? गाडी बाजूच्या तिगावले तरी थांबते ना?" अरे, काऊन म्हणजे काय, कशाला म्हणजे काय? आमच्याकडे, मध्य प्रदेशाच्या कडेला, घरात मराठी, शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, सौंसरच्या बाजारात दोन्हीचा काला. या दोन भाषा मला न मागता मिळाल्या. तिसरी मी स्वतः मागून घेतली, तर मी कोणाचं काय घोडं मारलं?

खरं कारण मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगतो. मराठीत गाणं म्हटलं की दुसऱ्या कडव्यालाच ऐकणारा विचारायचा, "आडनाव काय तुमचं?" सांगितलं की मान हलवायचा. "अच्छा, अच्छा. म्हणजे तुम्ही जयंतीची गाणी म्हणता." संपलं. पुढचं गाणं त्याच्या कानात शिरतच नसे. जयंतीची गाणी म्हणणारे माझेच लोक, माझाच बाप, त्याचा मला अभिमान होता अन् आहे. पण गाणं ऐकायच्या आधी मला खणात ठेवून खण बंद करणारा तो 'अच्छा, अच्छा' माझ्या डोक्यात जायचा. इंग्रजी ऐकून मात्र कोणालाच माझा मोहल्ला कळत नसे. इकडं ती कोणाच्याच बापाची भाषा नव्हती, म्हणून मी ती घेतली.

शिकवली एका रिटायर रेल्वे गार्डानं. पांढुर्णा स्टेशनच्या मागं एकटाच राहायचा. धर्मानं ख्रिस्ती, रंगानं आमच्यासारखाच, पण घरातली भाषा इंग्रजी. त्याच्या बहिणीला जातीचा नाही, रहिवासी दाखला पाहिजे होता. अर्ज यानंच केला होता, म्हणून दाखला द्यायला मी याच्या घरी गेलो अन् भिंतीवरची गिटार पाहून तिथंच बसलो. त्यानंतर चार वर्षं दर रविवारी जात होतो. गार्डसाहेब बोटांवर पट्टी मारायचे. माझी इंग्रजी ऐकून कपाळाला हात लावायचे. पण पहिलं गाणं लिहून नेलं तेव्हा हसले नाहीत. दाखला लिहिणाऱ्या बाबूचं गाणं होतं ते. समोरच्याची जात लिहिता लिहिता हा बाबू आपलीच लिहून बसतो. गार्डसाहेबांनी ते दोनदा वाचलं अन् म्हणाले, "यात व्याकरण चुकलं आहे. तसंच राहू दे."

त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात माझं नाव, आडनाव अन् गाव होतं. ही बापाची शिकवण. आमच्या भजनमंडळात जो गाणं जोडतो, तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव अन् गाव गुंफतो. त्याला छाप म्हणतात. छाप नसलेलं गाणं म्हणजे बेवारस, कोणीही उचलून न्यावं. माझा बाप रामाकोन्याचा, त्याच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्याच्या नावाची तीन अक्षरं अन् गावाची चार अक्षरं. म्हणून मीही इंग्रजी गाण्याला छाप घातली. गार्डसाहेबांना हे भारी नवल वाटलं. जगात असं इंग्रजी गाणं कोणी लिहिलं नसेल म्हणाले. मी म्हणालो, मग आता लिहिलं. माझं ते नाव इथं मात्र लिहीत नाही. ज्याला पाहिजे त्यानं गाणं ऐकावं.

तुम्ही म्हणाल, आडनाव विचारतात म्हणून इंग्रजीत गेलास, मग शेवटी तेच कशाला घातलं? लपायला गेलो नव्हतो हो मी. आधी गाणं ऐका, मग नाव ऐका. मला फक्त हा क्रम पाहिजे होता. मोठी हुशारी केली असं मला वाटत होतं.

बापाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा बाप सौंसरच्या कापसाच्या जिनिंगमधे कामाला होता. दाबून बांधलेल्या रुईच्या गठाणी बाहेर पडल्या की त्यांच्या तागाच्या कापडावर पत्र्याचा छापा ठेवून काळ्या शाईनं मालकाचा मार्का मारायचा, हे त्याचं काम. आयुष्यभर दुसऱ्याचं नाव मारलं. आपलं नाव मारायची जागा एकच, गाण्याचं शेवटचं कडवं. त्याचं एक गाणं होतं, आमच्या वस्तीच्या विहिरीचं. दुसऱ्यांच्या विहिरीवर तासन्तास ओंजळ धरून उभ्या राहणाऱ्या बायांनी स्वतः माती उपसून विहीर खणली, तिला पाणी लागलं, त्याचं गाणं. आसपासच्या गावांत लोक ते मागून म्हणवून घेत.

ऐंशी सालाच्या थोडं मागंपुढं असेल, मी अन् बाप सौंसरच्या बाजारात भाजी घेत होतो. एका दुकानाच्या भोंग्यावर ते गाणं लागलं. कॅसेट आली होती! बापाच्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच धरून तो उभा राहिला. मी पळत जाऊन आवाज वाढवायला लावला. तेच शब्द, तीच चाल, ढोलकी झकास. आम्ही दोघं शेवटच्या कडव्याची वाट पाहत होतो. कडवं आलं. नाव भलत्याचंच, गावही भलतंच. लांबच्या कोण्या गायकानं बापाची छाप उचलून तिथं आपली बसवली होती. मी दुकानदाराशी भांडायला निघालो तर बापानं माझा दंड धरला. म्हणाला, "चाल त बरी ठेवली त्यानं." अन् मेथी घेतली. त्या दिवसानंतर माझ्या बापानं एकही गाणं लिहिलं नाही. मंडळात जायचा, टाळ वाजवायचा, पण नवीन गाण्याचं नाव काढलं की बिडी पेटवायचा. मला त्या गायकाचा जेवढा राग होता, त्याहून जास्त बापाच्या गप्प बसण्याचा होता. खरं सांगतो, मी वर्षभर त्याच्याशी धड बोललो नाही.

म्हणून नागपूरच्या त्या माणसानं आडनाव काढायला सांगितलं तेव्हा माझ्या कानात तो भोंगा वाजत होता. तो म्हणाला, "कॉलेजची पोरं घेतील हो तुमची कॅसेट. इंग्रजी आहे, नवीन आहे. पण शेवटी हे नाव, हे गाव... कसं दिसते ते? पहिलं नाव ठेवा पाहिजे तर." मी म्हणालो, "नाव राहील तर गाणं राहील." त्यानं बराच वेळ नाक खाजवलं अन् म्हणाला, "ठीक आहे बाप्पा, तुमचंच राहू द्या." मी खूश. दोन दिवस रजा टाकली, सहा गाणी म्हटली, सहाही छापेसकट. घरी येऊन बायकोला सांगितलं, आपलं नाव आता नागपूरच्या दुकानात लागते. ती म्हणाली, "तुमच्या गाण्यातलं मले काही समजत नाही, पण तुमी कोणाले तरी शिव्या देऊन राहिले एवढं समजते."

कॅसेट आली. गार्डसाहेबांकडे बसून लावली. पहिलं गाणं शेवटाकडे गेलं अन् आवाज हळूहळू बारीक होत होत विरून गेला. शेवटचं कडवं नाहीच. दुसरं गाणं, तेच. तिसरं, तेच. सहाच्या सहा गाण्यांचे गळे त्यानं शेवटी आवळले होते. कात्रीसुद्धा लावावी लागली नाही त्याला, नुसतं बटन फिरवलं. वेष्टणावर कोणा आधुनिक पोराचं चित्र अन् माझं पहिलं नाव, तेही अर्धंच. बापाला लुटलं तेव्हा नाव बदलावं तरी लागलं होतं. माझं तर नुसतंच पुसलं. मी ती कॅसेट गार्डसाहेबांच्या अंगणात दगडानं फोडली, फीत ओढून काढली अन् पेरूच्या झाडाला गुंडाळली.  ती फीत पुढं कितीतरी दिवस झाडावर चमकत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सौंसरला बापाकडे गेलो. जायचं नव्हतं, पण दुसरं कुठं जाणार? बाप जिनिंगच्या दारातच भेटला, पत्र्याचा छापा रॉकेलनं पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं अन् शेवटी जे इतकी वर्षं पोटात होतं तेही ओकलो. "तुमी तेव्हा गप्प बसले, बाबा. म्हणून या लोकायची हिंमत होते."

बाप चिडला नाही. हातातला छापा दाखवून म्हणाला, "हा मार्का गठाणीच्या कोन्यावर मारला त काय होते, माहीत हाय?"

"काय?"

"कोन्याले हमालाचा लोखंडी आकडा लागते. मालधक्क्यावर जातपर्यंत घासून साफ. मंग गठाण कोणाची बी. म्हणून मधात मारा लागते, पट्ट्यांच्या मधात. ते पुसाचं असन त गठाणच फाडा लागते." मग छाप्याला फुंकर मारून म्हणाला, "आपुन नाव कोन्यावर मारत होतो, पोट्ट्या. शेवटी. तिथंच आकडा लागते. मले हे तेव्हा उमजलं असतं त मी कायले लिहिणं सोडलं असतं?"

मी तिथंच मातीत बसलो. पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांनी नाव शेवटी घातलं. नम्रपणानं. आधी गाणं, मग गावाचं मोठेपण, मग सगळ्यात खाली आपण. अन् मी तर त्यात माझी हुशारी मिसळली होती, आधी ऐका मग नाव सांगतो. अरे कशाला? नाव ऐकून ज्याला उठून जायचं आहे, त्यानं पहिल्या ओळीलाच उठावं. बसलेल्यांसाठी गाणं आहे.

सहाही गाणी मी नव्यानं जोडली. नाव, आडनाव, गाव पहिल्या ओळीत अन् धृपदात, म्हणजे दर कडव्यानंतर पुन्हा. काढायचं असेल तर काढ बेट्या, मग तुझ्याकडे गाणंच राहत नाही. गार्डसाहेब म्हणाले, हे कानाला टोचतं. मी म्हणालो, टोचू द्या.

रेकॉर्डिंग कुठं करायचं हा प्रश्न होता. माझ्या घरात कुकरच्या शिट्ट्या, गार्डसाहेबांकडे मालगाड्या. बाप म्हणाला, रुईच्या गोदामात ये, तिथं आवाज घुमत नाही. रविवारी जिनिंग बंद. चौकीदार मंडळातलाच. दुपारी बारा वाजता आम्ही गोदामात शिरलो. तिन्ही बाजूंना गठाणी, मधे मी स्टुलावर, अन् समोर गार्डसाहेबांचा टू-इन-वन. तुम्हाला सांगतो, नागपूरच्या त्या खोलीत नव्हती अशी शांतता होती ती. एकच भानगड झाली. रुईची बारीक लव नाकात गेली अन् चौथ्या गाण्याच्या ऐन मधात मी सणसणीत शिंकलो. पुन्हा म्हणायला फीत उरली नव्हती. राहिली ती शिंक तशीच.

तीच पुढं माझी खूण झाली. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून मी एकावरून दुसऱ्यावर कॅसेटी उतरवायचो, वेष्टण आलेखाच्या कागदाचं, अक्षर माझं. दुकानात एकही ठेवली नाही. छिंदवाड्याच्या होस्टेलातली पोरं घेऊन गेली, त्यांनी आणखी उतरवल्या. बैतूलला गेल्या, अमरावतीला गेल्या. एक पोट्टा सांगत होता, भोपाळच्या होस्टेलात रात्रीच्या जेवणानंतर लावतात अन् शिंक आली की सगळे मिळून शिंकतात. शिंक ऐकू आली म्हणजे कॅसेट खरी. माझं नाव ज्याला पुसायचं असेल त्याला आधी माझी शिंक पुसावी लागली असती! नागपूरच्या त्या माणसानं निरोप पाठवला होता, नवीन गाणी द्या, बोलू म्हणून. मी उलटा निरोप पाठवला की ऐकायची असतील तर होस्टेलात जाऊन ऐका.

आपल्या गावात मात्र कोणी विचारत नव्हतं. आमच्या मंडळातले म्हातारे म्हणायचे, साहेबाचं गाणं साहेबाले. बापसुद्धा कधी ऐकायला बसला नाही. गोदामात त्यानंच जागा दिली, पण गाणं सुरू झालं तसा बाहेर जाऊन चौकीदाराजवळ बसला. "समजत नाही तिथं काय बसाव?" म्हणायचा. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. भोपाळची पोरं शिंकतात अन् आपला बाप बाहेर.

मग मी एक काम केलं. कोणाला न सांगता केलं. बापाचं विहिरीचं गाणं, जे त्या गायकाच्या नावावर गावोगाव वाजत होतं, ते मी इंग्रजीत लिहिलं. चाल दुसरी लावली, कारण जुनी आता भोंग्याची झाली होती. अन् धृपदात बापाचं नाव घातलं. तीन अक्षरं बापाची, चार रामाकोन्याची. प्रत्येक कडव्यानंतर दोनदा.

दशक सरत आलं होतं. त्या वर्षी जयंतीचा कार्यक्रम पांढुर्ण्याला दुपारी होता. एप्रिलचं ऊन, मांडव तापलेला, बाया पदरानं वारा घेऊन राहिल्या होत्या. बोलावलेली गाण्याची पार्टी आली नव्हती, त्यांची बस कुठंतरी बिघडली होती. कार्यकर्ते घामाघूम. मी गिटार घेऊन उभाच होतो. "दहा मिनिटं द्या." कार्यकर्ता म्हणाला, "इंग्रजी? अन् इथं? लोक चपला मारतीन ना भाऊ." मी म्हणालो, "मारू द्या, माझ्या नंबराची असली त बरं." अन् वर चढलो. बाप पुढंच बसला होता मंडळाबरोबर. मला पाहून त्यानं मान खाली घातली.

पहिलं कडवं शांततेत गेलं. सांगतो ना, कोणाला एक शब्द समजत नव्हता. लेकरं तोंडाकडे पाहत होती. मग धृपद आलं. बापाचं नाव, गाव. पुन्हा नाव, गाव. मागून एक बाई खुदकन हसली, "अवं, हे त रामाकोन्याचं म्हणून राहिला!" दुसऱ्या कडव्याला कुजबुज सुरू झाली. धृपदाला आठ-दहा पोरांनी आवाज मिळवला, कारण म्हणता येईल असं तेवढंच होतं त्या गाण्यात. तिसऱ्याला ढोलकीवाला न विचारता शिरला. अन् चौथ्याला, खोटं सांगत असेन तर जीभ झडो, अख्खा मांडव माझ्या बापाचं नाव घेत होता. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं. मी कडवं म्हणायचो, ते थांबायचे. धृपद आलं की तापल्या मांडवात माझ्या बापाचं नाव अन् त्याचं गाव. मी कडवी संपल्यावरही वाजवत राहिलो. ते म्हणत राहिले.

बाप बसला होता तसाच होता. टाळ मांडीवर. आजूबाजूचे त्याच्याकडे बोट दाखवून राहिले होते अन् तो टाळाकडे पाहत होता.

मी खाली उतरलो तेव्हा तो मांडवाच्या खांबाशी आला. म्हणाला, "नाव त माहंच हाय. बाकी काय म्हणून राहिला होता?"

"तुमचंच गाणं, बाबा. विहिरीचं."

 बाप ओठ हलवून नवी चाल मनात जुळवून पाहत होता, मला दिसत होतं. मग माझ्यावर डोळे वटारून म्हणाला, "मंग चाल काऊन बदलवली? इचारता नाही येत?"

मी हसलो, अन् हसता हसता रडलो. भर मांडवात, तहसीलीतला बाबू. लाज नाही वाटली.

आठ दिवसांनी मी सौंसरला गेलो तर बाप ओट्यावर बसला होता. मांडीवर माझ्या आलेखाच्या कागदांचा गठ्ठा, हातात मार्का मारायचा कुंचला नाही, पेन. दहा वर्षांनी नवीन गाणं लिहून राहिला होता. पुढं काय लिहिलंय ते झाकून धरलं त्यानं, पुरं होतवर दाखवणार नाही म्हणाला. पण पहिली ओळ मला दिसली. पहिला शब्द त्याचं नाव होतं, मोठ्या अक्षरात, गठाणीवर मारतात तसं.